गुरुवारचा शो

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. चाकण, भोसरी, तळवडे, इकडच्या बहुतेक कंपन्यांचं तसंच आहे. आणि पिक्चर लागतो शुक्रवारी. म्हणजे आमच्या वाट्याला तो येतो जवळजवळ आठवडाभर शिळा होऊन, सगळ्यांनी बघून, गाजवून, स्टार वाटून झाल्यावर. बाकीच्यांना याचं वाईट वाटतं, मला कधीच वाटलं नाही. शुक्रवारच्या टाळ्यांवर माझा विश्वास नाही. कुणाला फुकट पासवर आणून बसवलंय आणि कुणाला शिट्ट्या मारायला बिर्याणी खाऊ घातलीय, ते आपल्याला कसं कळणार? गुरुवारी दुपारी जो येतो, तो स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या खिशातून येतो.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट समोर आला की माप तपासायच्या गेजला लावायचा आणि तीनपैकी एका क्रेटमध्ये टाकायचा: ओके, रिवर्क, रिजेक्ट. बनवणारा म्हणतो एक नंबर झालाय. त्याचं ऐकायचं नसतं, न ऐकण्याचाच मला पगार मिळतो. ही खोड घरीही येते. बायको म्हणते, तुमच्या हातावर कुणी प्रसाद ठेवला तरी तुम्ही तो उलटा करून बघाल. बघतोच. त्यात काय चुकलं?

त्यामुळे हल्लीचे पिक्चर बघताना माझा जीव सतत संशयात असतो. 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी आली की मी सावरून बसतो, कारण ज्याला खरं सांगायचं असतं तो आधी शपथ घेत नाही. हिरो चालत येतो तेव्हा सगळं स्लो मोशनमध्ये जातं, माती उडते, ढोल वाजतात. एवढा सरंजाम कशाला? चाल साधी असेल तर साधी दाखव की. मराठी पिक्चरवाले तरी कुठे मागे आहेत? उठसूट आकाशातून गाव दाखवायचं, आणि त्या गावात एकाही घरावर पाण्याची काळी टाकी नसते. असं गाव मी मावळात पाहिलं नाही, खेडमध्येही नाही.

आणि ते पुरस्कार! टीव्हीवर सोहळा लागला की मी चहा घेऊन समोर बसतो, बायको आत निघून जाते. एकदा मी एका नटीचं हसणं पकडलं. सूत्रसंचालकाच्या विनोदावर ती मान मागे टाकून हसली. पुढच्या विनोदावरही तशीच हसली, तीच बट तशीच गालावर येऊन. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. हसण्याचा एकच तुकडा कापून दोन्हीकडे चिकटवला होता. ज्यांना हसणंसुद्धा खरं दाखवता येत नाही, त्यांचा पुरस्कार खरा कसा मानायचा? शिवाय जो नट हजर असतो त्याच्यासाठी काही ना काही निघतंच. आमच्याकडेही सुरक्षा सप्ताहात असंच होतं. मोठ्या साहेबांच्या टेबलाशी जेवणारा दर वर्षी उत्कृष्ट कामगार ठरतो. कुठेतरी पाणी मुरतंय हे सगळ्यांना दिसतं, पण टाळ्या सगळेच वाजवतात. मी हाताची घडी घालून बसतो.

गुरुवारी माझ्याबरोबर एक जण असतो. चिखलीत त्याचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. त्याचे वडील लातूरकडून इकडे आले, हा इथेच वाढला, तरी बोलण्यातला मराठवाडा गेलेला नाही. मी त्याला मिस्त्री म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. माझ्या जुन्या बाइकमुळे ओळख झाली आणि पिक्चरमुळे टिकली. गुरुवारी कामगारांना सुट्टी, म्हणून गॅरेजला खरी गर्दी त्याच दिवशी, तरीही दुपारच्या शोपुरतं तो शटर ओढतो. आमचा एक नियम ठरलेला आहे. पिक्चर सुटला की पार्किंगपासून चहाच्या टपरीपर्यंत कुणीही अवाक्षर काढायचं नाही. चहाचा पहिला घोट घेऊन दोघांनी एकदम बोलायचं: ओके, रिवर्क की रिजेक्ट. माझे तीन क्रेट त्यानं केव्हाच उचलले होते. तो मनाचा मऊ, आईचा प्रसंग आला की डोळे पुसतो, पण निकाल देताना कुणाचं ऐकत नाही. माझा संशय आणि त्याचं रडणं, यांतून जो पिक्चर पार पडेल तो चांगला, असं मी मानत आलोय.

मग तो पिक्चर आला. नाव नको. सत्य घटनेची पाटी होती, तिच्याखाली झेंडा होता. गुरुवार असूनही हॉल भरलेला बघून मी तिथेच सावध झालो. खलनायक दाढीवाला, डोळ्यांत सुरमा. तो जेवायला बसला तरी मागे असं संगीत, की बघणाऱ्याला घास कडू लागावा. मध्यंतरानंतर हिरो त्याला आणि त्याच्या अख्ख्या गल्लीला धडा शिकवत सुटला. मागच्या रांगांतून आरोळ्या उठल्या. मला कंटाळा आला होता. पटकथा नावाची वस्तू शोधूनही सापडत नव्हती. तेवढ्यात शेजारून टाळ्या ऐकू आल्या. मिस्त्री वाजवत होता. जोरात, हात वर धरून.

इतक्या वर्षांत पिक्चरला टाळी वाजवताना मी त्याला पाहिलं नव्हतं. टपरीवर पहिला घोट घेतला. मी म्हणालो, "रिजेक्ट." तो म्हणाला, "ओके."

"ओके? अरे, दुसरा हाफ बघितलास का?"

"चांगला हाय, भाऊ. लई भारी काढलाय."

एवढं बोलून त्यानं चहा अर्धवट ठेवला आणि किक मारली.

पुढे त्या पिक्चरला मोठा पुरस्कार मिळाला. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. मला आश्चर्य वाटलं नाही, पुरस्कारांकडून माझी दुसरी अपेक्षाच नव्हती. पण मी मिस्त्रीला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "बरोबरच मिळाला की." ते मला बोचलं. याला काय झालं? कुणी पढवलं याला? की माझी थट्टा करतोय? मग तो गुरुवार चुकवायला लागला. कधी गाड्या लई आल्यात, कधी सासुरवाडीचे पाहुणे, कधी कंबर धरलीय. बहाणा मला लगेच ओळखू येतो, आणि हे सगळे रिजेक्टच्या क्रेटमधले होते. मला वाटलं, यानं दुसरा कुणी जोडीदार बघितला, माझ्या किरकिरीला कंटाळला असेल. खरं सांगतो, मला राग आला होता आणि त्याहून जास्त एकटं वाटत होतं. एकट्यानं बघितलेला पिक्चर निकाल दिल्याशिवाय तसाच डोक्यात पडून राहतो.

शेवटी एका गुरुवारी शोच्या वेळीच मी चिखलीला गेलो. गॅरेजमध्ये एकच स्कूटर उभी होती, तीही धुऊन पुसून तयार. तो स्टुलावर बसून मोबाइल बघत होता. मला बघून उठला, हात कापडाला पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

"गाड्या लई आल्यात वाटतं," मी म्हणालो.

तो कसनुसं हसला. थर्मासातला चहा ओतून त्यानं माझ्या हातात दिला. मी पहिला घोट घेतला आणि सरळ विचारलं, की त्या दिवशी टाळ्या कशाला वाजवल्यास.

तो पान्ह्याशी चाळा करायला लागला. मग म्हणाला, "भाऊ, इंटरव्हलला मी पाणी आणाया उठलो, तुमाला आठवतंय? मागली पोरं बघत व्हती माझ्याकडं. दाढीकडं. येक जण म्हणला, बघू आता ह्यो टाळ्या वाजवतो का न्हाई."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतं तुमी? भांडला असता. मग तर लईच झालं असतं."

मी खरंच भांडलो असतो, आणि घरी येऊन त्या भांडणाचं कौतुकही सांगितलं असतं.

"तुमी घडी घालून बसला व्हता," तो म्हणाला. "तुमाला कोण काय म्हणलं का? तुमाला पिक्चर न्हाई आवडला तर तुमी दर्दी. आमाला न्हाई आवडला तर..." त्यानं पान्हा खिळ्याला अडकवला.

आजवर मी सगळ्या जगावर संशय घेतला. माझ्यावर कधी कुणी घेतला नव्हता, हे मला त्या स्टुलावर बसून पहिल्यांदा कळलं. चहा गार झाला होता, तरी मी तो संपवला.

"बरं, आता इथं आपण दोघंच आहोत," मी म्हणालो. "खरं सांग. कसा होता?"

त्यानं आधी रस्त्याकडे बघितलं. समोरच्या टायरवाल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, अगदी नीट, मी पार्टकडे बघतो तसं.

"कंपनीत कुणाला बोलणार न्हाई ना, भाऊ?"

मी मान हलवली. तो उठला, भरदुपारी गॅरेजचं शटर निम्मं खाली ओढून आला, आणि मग हळू आवाजात मला पिक्चर कसा वाटला ते सांगायला लागला.