श्यामकांतची बारा तासांची गोळी

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत श्यामकांत बावीस वर्षं एकच काम करत होता: गोळी विरघळताना बघणं. काचेच्या भांड्यात अंगाइतकं कोमट पाणी, त्यात गोळी, आणि दर दोन तासांनी त्यातलं थोडं पाणी काढून औषध किती सुटलं याची वहीत नोंद. रक्तात गुठळी होऊ न देणारी त्यांच्या कंपनीची गोळी बारा तास पुरवून पुरवून सुटायची. असल्या कामाला माणूसही तसाच हवा. श्यामकांतला बशीभर पोहे संपवायला पाऊण तास लागतो. बायको क्षमा तर म्हणते, "ह्यांनी लग्नाला हो म्हणायला अख्खा हिवाळा घेतला."

त्या रविवारी दारावर मासे घेऊन आलेल्या सखुबाईच्या बोटाला लालभडक चिंधी होती. पहाटे सुरमई कापताना लागलं होतं, अकरा वाजले तरी रक्त थांबत नव्हतं. महिन्यापूर्वी तिच्या पायात गुठळी सापडली होती आणि तिला हीच गोळी सुरू होती, हे श्यामकांतला ठाऊक होतं.

"गोळी कशी घेता?"

"कशी म्हंजे? पाट्यावर वाटून, चहासंगं. येवढी मोठी घशात आडकते रं."

श्यामकांतला घाम फुटला. बारा तासांचं औषध ही बाई एका घोटात घेत होती! तो आयुष्यात पहिल्यांदाच धावला असेल. रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोट बांधलं, एक दिवस गोळी थांबवली आणि पुन्हा वाटायची नाही म्हणून दम भरला. परत येताना सखुबाई फणकारली, "डॉक्टरला काय कलतं? पोटात जाऊन भुगाच व्हायचा ना?"

घरी येऊन श्यामकांत बराच वेळ तिच्या टोपलीकडे बघत बसला. मग म्हणाला, "सखुबाई, पहाटे बर्फाची लादी घेता, ती सगळी एकदम फोडून टाकता?"

"येडा का खुला तू? चुऱ्याचं दहा वाजता पानी होईल. लादी ठेवायची, लागंल तसा..." ती थांबली. तोंडाला पदर लावला. "आगं बाय माझे! म्हंजे दुपारपासून मी बिनबर्फाची?"

मंगळवारी सकाळी आठला तिने अख्खी गोळी गिळली. दहा, बारा, दोन, चार, सहा, श्यामकांतचे कामावरून फोन सुरूच. बाजारातून ती ओरडायची, "जिती हाय रं! गिऱ्हाईक हाय, ठेव!"

आठ वाजता मात्र फोन तिचाच आला. "बारा तास झाले. बोट सुकलंय. लिव तुझ्या वहीत."

हजारो गोळ्या त्याने काचेत विरघळताना पाहिल्या होत्या, माणसात विरघळलेली ही पहिलीच. श्यामकांतचे डोळे भरून आले, आणि ते भरायला मात्र अजिबात वेळ लागला नाही.