अव्वाला केलेले ट्रंक कॉल

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अव्वा फलाटावरून माझ्याशी बोलत होती आणि तिचा आवाज मला अजिबात येत नव्हता. इंजिनाची शिट्टी, हमालांची ओरड, चहावाले. तरी ती काय म्हणाली ते मला अक्षर न् अक्षर कळलं. "तितं थंडी लई असतीया म्हनं. कान झाकून घे."

यात आमच्या घरात कुणाला नवल नव्हतं. घराच्या मागच्या अंगाला आमचे चार पॉवरलूम होते आणि ते खडखडायला लागले की शेजारच्या माणसाचंही ऐकू यायचं नाही. म्हणून मागावर वाढलेली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि ओठ बघूनच ऐकतात. अव्वा, म्हणजे माझी आई, त्यात पटाईत. मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता पलीकडच्या भिंतीपाशी बसलेल्या बाईशी ती साऱ्या गल्लीची उणीदुणी काढायची. अप्पा आदल्या वर्षीच गेले होते. माग आता तीच बघत होती, आणि मी शिकायला म्हणून अमेरिकेला निघालो होतो. शिक्षण झालं की परत येतो, असं सांगितलं होतं. तेव्हा ते खरंच वाटत होतं.

सत्तरीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. पुढे न्यू जर्सीतल्या एका प्रयोगशाळेत मला काम मिळालं. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून प्रकाश सोडायचा आणि त्या प्रकाशावर माणसांचं बोलणं चढवून लांब पाठवायचं. समुद्र ओलांडून गेलो तरी सोलापूरच्या माणसाचा धागा काही सुटला नाही, असं मी तिथल्या मराठी मंडळींना म्हणायचो. माझ्या वाट्याला लेसर आला. मिठाच्या खड्याएवढा, पण महा लहरी. खोली जरा तापली की त्याची फ्रीक्वेन्सी सरकायची. आम्ही तिघांनी मिळून एक युक्ती काढली. त्याचा थोडासा उजेड समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांमधून न्यायचा. फ्रीक्वेन्सी सरकली की पलीकडे पडणारा उजेड कमी-जास्त होतो. तो फरक ओळखून लेसरचा करंट लगेच सावरायचा. मागावरचा ताणा ढिला पडला की अव्वा सावरायची, तसंच. पेटंटवर तिघांची नावं लागली, त्यातलं एक माझं.

ही बातमी मी अव्वाला फोनवर सांगितली. आमच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एका व्यापाऱ्याची चादरींची पेढी होती, तिथे होता. मी आधी पत्राने दिवस कळवायचो, मग अव्वा धुवट इरकल नेसून पेढीवर जाऊन बसायची. अक्का, माझी मोठी बहीण, सोलापुरातच दिली होती. ती सोबतीला यायची. मी इकडे कॉल बुक करून वाट बघत बसायचो, आणि लागला की बेंबीच्या देठापासून ओरडायचो. त्या दिवशीही ओरडलो, "अव्वा, मी एक शोध लावला. माझ्या नावावर!"

"व्हय की," अव्वा म्हणाली. "जेवनाचं काय करतूस? भाकरी मिळती का तितं?"

मी परत सांगितलं. तिने परत भाकरीचं विचारलं, मग शेजारची म्हैस व्यायल्याचं सांगितलं आणि "तब्येतीला जप" म्हणून रिसीव्हर अक्काकडे दिला, तोवर कॉलची मिनिटं संपून लाईन तुटली. प्रत्येक फोनला हेच. मी एक विचारायचो, ती दुसरंच सांगायची. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा, पण राग लाईनवर. गोंगाटातून आवाज वेगळा काढणं हाच माझा धंदा होता, त्यामुळे अमेरिका ते सोलापूर या वाटेत कुठे कुठे किती बिघाड होत असेल, हे मी कागदावर मांडून दाखवू शकत होतो. एकदा तिला म्हणालोसुद्धा, "थांब, आमची काच सगळीकडे घातली की तुला माझा श्वाससुद्धा ऐकू येईल." ती म्हणाली, "बरं बरं."

मधे एकदा संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, मी घरी आलो. अव्वासमोर बसून पोटभर बोललो. लेसर, आरसे, बर्फ, माझा साहेब, सगळं. तिचं एकही उत्तर चुकलं नाही. उलट मधेच विचारायची, "मग त्यो सायेब काय म्हनला?" झालं, माझी खात्रीच पटली. समोरासमोर सगळं ठीक, फोनवर गोंधळ, म्हणजे दोष तारेचाच. पाठीमागून हाक मारली की ती वळायची नाही. मला वाटलं, मी परत जाणार म्हणून रुसली आहे. मी परत गेलो आणि दुप्पट जोमाने कामाला लागलो.

दशक संपत आलं तेव्हा ती गेली. मी मातीला पोचू शकलो नाही. सगळं आटोपल्यावर आलो आणि अक्काजवळ तेच रडगाणं लावलं, की इतक्या वर्षांत फोनवर तिच्याशी एकदाही धड बोलता आलं नाही, लाईनच तसली.

अक्का म्हणाली, "लाईन चांगली व्हती, शिवा. तू वरडायचास ते शेजारी हुबारून मला सगळं ऐकू यायचं. पेटंटचं बी ऐकलं, काचंचं बी ऐकलं. अव्वाला ऐकू येत न्हवतं. तू गेल्यावर कान गेलेच तिचे, मागांच्या पायी."

मी विचारलं, मग ती फोनला यायची कशाला?

"तू हाईस पलीकडं, एवढं तिला पुरं व्हतं. आपलं आपुन बोलायची, थांबायची, परत बोलायची. घरी आल्यावर मला विचारायची, काय म्हनला ग त्यो? मी समोर बसून सांगायची."

"मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली व्हती. त्याला कळलं तर सगळं सोडून यील, म्हनली."

आता आमच्या काचेच्या तारा सोलापुरातही पोचल्या आहेत. अक्काला फोन लावला की तिच्या कुकरची शिट्टी इथे ऐकू येते, आणि ती मात्र जुन्या सवयीने अजून ओरडूनच बोलते. माग विकले. मागच्या जागेत भाच्याने दोन खोल्या बांधल्या. माझ्यासारखे जे निघून आले त्यांना कधी ना कधी कुणी विचारतंच, तुमचं घर कुठलं. मी सोलापूर म्हणतो. तिथे माझं म्हणावं असं काही उरलेलं नाही. पण मी सगळं सोडून येईन, अशी खात्री असलेलं एक माणूस त्या घरात होतं. तशी खात्री माझ्याबद्दल दुसऱ्या कुणालाच नव्हती, मला स्वतःलाही नव्हती. मी खरंच आलो असतो का, हे मला अजून सांगता येत नाही.