मुक्ताचे कण आणि माझा झोपाळा

विज्ञानाच्या प्रगतीत मी आयुष्यात एकदाच भाग घेतला, तोही झोपेत.

आमची मुक्ता नांदेडातच पीएचडी करते. विषय काय, तर भोक! केसाच्या जाडीचे हजारो तुकडे केले, तर त्यातल्या एकाएवढं. दोन्हीकडं मिठाचं पाणी, त्यातून विजेचा प्रवाह. सोन्याचा अतिसूक्ष्म कण भोकातून गेला, की लॅपटॉपवरच्या रेषेत खड्डा पडतो. (आमच्या गल्लीत खड्डे पाडायला एवढं शिकावं लागत नाही!)

प्रयोगशाळेशेजारी बांधकाम निघालं. ड्रिलच्या हादऱ्यानं रेषा थुईथुई नाचायला लागली. उद्या निकाल दाखवायचा आणि भोकाची चकती उरलेली एकच! शेवटी सरांना विचारून यंत्र घरी आलं. बाहेरच्या विजेचा त्रास नको म्हणून मुक्तानं ते आईच्या ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत बसवलं.

"आन् माझी ज्वारी?"

"बादलीत हाय, आई!"

मी निवृत्त मास्तर. गुपचूप झोपाळ्यावर आडवा झालो. पंखा बंद, कड्यांची मंद कुरकुर, पाय आपसूक भिंतीला टेकून झोका देतोय... स्वप्नात मीच सोन्याचा कण! खारट निळ्या पाण्यात तरंगतोय, गुडघे दुखत नाहीत, समोर इवलंसं दार लुकलुकतंय.

"सर, कण जाऊन राहिलेत!" लांबून मुक्ताचा आवाज. "दर तीन सेकंदाला एक!"

फोनवर सर म्हणाले, "परेड करून राहिलेत का? कण असे ठेक्यात जात नसतात, मुक्ता!"

इकडं मी दारात शिरलो आणि पोट अडकलं! जिवाच्या आकांतानं रेटा दिला. स्वप्नातला पाय, पण भिंत खरी. कोठी त्याच भिंतीला टेकलेली.

"आई गं! केवढा मोठा कण!"

"कण कसला? तुझे बाबा हायेत ते!" हिनं झोपाळा धरला. रेषा सरळ. सोडला. खड्डा! "अहो, उठा. चपला घाला."

"कुठं जाऊ?"

"भोकातून न्हाई, दारातून!"

दोन तास समोरच्या लिंबाखाली बसलो. मग खिडकीतून मुक्ताची किंकाळी आली. खरे कण, वाटेल तेव्हा, वाटेल तसे, जाऊ लागले होते!

प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिनं लिहिलं, 'मार्गदर्शनाबद्दल सरांचे, कोठीबद्दल आईचे आणि गैरहजेरीबद्दल बाबांचे आभार.'

जन्मभर शाळेत हजेरी घेतली. छापून आलो तो गैरहजर म्हणून!