मोडीतलं पत्र

डांबरगोळ्यांचा वास आला की मला शारजाचा विमानतळ आठवतो. नव्वदच्या दशकात सासरे शारजातल्या अल नहदा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून आपल्या पणजोबांचं चरित्र लिहीत होते. पणजोबा एकोणिसाव्या शतकातले विनोदी लेखक. त्यांची मूळ पत्रं मी पुण्याहून साड्यांच्या घड्यांत डांबरगोळ्यांसकट नेत होते. कस्टमच्या अधिकाऱ्यानं पत्रांच्या गठ्ठ्याची दोरी सोडून वरचं पत्र उजेडात धरलं. सगळं मोडी लिपीत. त्यानं वाचायला एका हिंदी पोर्टरला बोलावलं. हे हिंदी नाही, असं पोर्टरनं त्याला अरबीत सांगितलं आणि तो माझ्याकडे वळला, "बहनजी, पढ़ के सुनाओ." मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. तसं सांगितलं तर गठ्ठा जप्त होणार, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. माझे तळहात घामानं ओले झाले. ओळींवरून बोट फिरवत मी सासऱ्यांकडून ऐकलेला किस्सा हिंदीत सांगितला: न्हावी अर्धी मिशी कापून जेवायला गेला, तेव्हा पणजोबा तोंडाला उपरणं बांधून कचेरीत गेले. पोर्टरनं हसत हसत ते अरबीत सांगितलं. अधिकारी हसला नाही. माझ्या बोटाकडे बघत राहिला. मग "यल्ला", म्हणजे चला, निघा, असं म्हणून त्यानं पत्र परत ठेवलं. घरी सासऱ्यांनी तेच पत्र वाचलं आणि चष्मा काढला. आपली मुलगी देवीच्या साथीत गेल्याचं पणजोबांनी भावाला कळवलं होतं. अजूनही गणवेश दिसला की माझे तळहात ओले होतात, पण आता मला मोडी वाचता येते.