कुवेतमधला जर्मन उपास

अबू हलीफा भागातल्या लेकीच्या घरून गाडी निघाली आणि मला आठवले, आज संकष्टी! परदेशात तिथीचा घोळ होतो तो असा. जर्मन जावई मार्टिन गाडी चालवत होता, मुलगी ऋता त्याच्या शेजारी, मी मागे. सालमियातल्या जर्मन खाणावळीत मला त्याच्या देशाचे जेवण खाऊ घालायचे, हे त्याने मी कुवेतला उतरलो त्या दिवसापासून ठरवले होते. आणि मी तर रुसून त्यांच्या लग्नालाही गेलो नव्हतो! दोन वर्षांनी आलो तो समेट करायला. आता त्याच्या पानावरून न जेवता उठायचे? पुन्हा त्याला दुखवणे माझ्या जिवावर आले. त्या काळजीत समुद्राकाठचा देखणा रस्ता धड पाहिलासुद्धा नाही.

खाणावळ झकास होती. लाकडी बाके, लाल-पांढऱ्या चौकटींची कापडे, भिंतीवर हरणाची शिंगे. बिअर आणि डुकराचे मांस या देशात बंद, त्यामुळे जर्मन माणूस इथे निम्मा उपाशीच म्हणायचा! मार्टिनने माझ्यासाठी मुद्दाम कोंबडीचे श्निट्झेल (चपटे कुटून, पावाचा चुरा लावून तळलेले मांस) सांगितले. ताटभर तुकडा आला. मार्टिन माझ्या चेहऱ्याकडे बघत बसला.

"मार्टिन, आज माझा उपास आहे."

"बाबा! हे आत्ता सांगताय?" ऋता कपाळाला हात लावून म्हणाली.

मार्टिनचा चेहरा पडला. "रमजानसारखा? पाणीही नाही?"

"छे, छे. पाणी चालतं, शेंगदाणे चालतात, बटाटा चालतो."

"बटाटा चालतो?" जर्मन माणूस खुलला. तडक उठून मुदपाकखान्यात गेला आणि आचाऱ्यालाच घेऊन आला. आचारी निघाले राजापूरचे कासिमभाई!

"चतुर्थी हाय नाय आज?" ते म्हणाले. "आमच्या शेजारच्या काकी करायच्या. अंडा नाय, मैदा नाय, तवा पण वेगळा. बसा तुम्ही निवांत."

थोड्या वेळाने कार्टोफेलपुफर (किसलेल्या बटाट्याची जाड धिरडी) आले. अंड्यावाचून त्यांचा पार भुगा झाला होता. थेट आपला बटाट्याचा कीस! मार्टिनने माझे आणि स्वतःचे, दोन्ही श्निट्झेल बांधून द्यायला सांगितली आणि माझ्याच ताटलीत चमचा घातला.

"आज मी पण उपास," तो म्हणाला. "माझ्या आजीचे पुफरही असेच तुटायचे."

मला राहवले नाही. "लग्नाला आलो नाही. चुकलं माझं."

"बाबा, खा. थंड होईल," तो भरल्या तोंडाने म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि भूकही सपाटून लागली.

संध्याकाळी ऋताने चहाबरोबर बिस्किटे ठेवली. मार्टिनने हात आखडता घेतला आणि मला विचारले, "चंद्र कधी?"

आता मिरजेला परत आलो आहे. जो तो विचारतो, परदेशी जावई आपला वाटतो का हो? मला तर त्याच्या लग्नाला न गेलेला तो म्हाताराच परका वाटतो.