देऊळगावराजाहून बुलढाणा, पायाची बोटं दाबत

हरभरा घरात आला आणि मेव्हण्याने, किसनने, टुमणं लावलं, "दाजी, बालाजीले जाऊन येऊ." जानेफळहून बैलगाडीने मेहकर, पुढे मोटारी बदलत देऊळगावराजा. माणसं भरल्याशिवाय मोटार हलत नाही, तेव्हा जाणाऱ्यांनी दशम्या जास्तच बांधाव्यात. दर्शन निवांत झालं. देवळाबाहेरचा झुणका तर असा, की दोनदा मागितला.

दुसऱ्या दिवशी परतताना चिखलीच्या रस्त्यावर मोटार थांबायच्या आत किसन उतरला आणि खडीच्या ढिगावर पडला. नडगी मोडली. जवळच्या गावातल्या हाडवैद्याने हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं. म्हणाला, "ठणकलं तं भेऊ नका. समजा, हाड जमून राह्यलं."

मोटार गेली होती. कडबा अंथरून भाड्याच्या बैलगाडीत चिखलीकडे निघालो. तासाभरात ठणका इतका वाढला, की किसन दातांवर दात दाबू लागला. तरी म्हणे, "जमून राह्यलं, दाजी."

"पाव्हणा मर्द हाय!" गाडीवान खूश.

मग किसन हळूच म्हणाला, "दाजी, माह्या पायातला जोडा काढा ना. लय आवळून राह्यला."

जोडा माझ्या पिशवीत होता.

बैलबाजारात दलाली करून मी वर आलो. माणूस काय बोलतो, ते कान देऊन ऐकायची सवय आहे. पांघरूण काढलं. बोटं थंड, पांढुरकी. पोटरी दगडासारखी. अंगठ्याचं नख दाबलं, लाली परत येईना. करंगळीला चिमटा काढला.

"कोणतं बोट धरलं?"

"कुठी धरलं? काऊन मस्करी करता?"

मी चाकू काढून दोऱ्या कापू लागलो. गाडीवान ओरडला, "हाड सरकन ना, मालक!"

"सरकू दे बापा. पाय तं राहीन."

कामट्या सैल ठेवल्या, पाय हलू दिला नाही. चिखलीला मोटार मिळाली आणि दिवेलागणीला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी बोटं हलवली तशी पोटरीत कळ जाऊन किसन किंचाळला. "पोटरी आतून फुगलीय," ते म्हणाले. "आत्ता चिरून मोकळी करतो. हाडाचं उद्या बघू." सकाळपर्यंत थांबलो असतो तर पाय कापावा लागला असता, हेही त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी सहज करंगळी दाबली.

"अबे, दुखते ना!"

मेव्हण्याच्या तोंडून 'अबे' ऐकून एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

आता किसन काठी टेकत शेतावर जातो, पाय थोडा ओढतो. बायको म्हणते, बालाजीने राखलं. मी नाही म्हणत नाही. फक्त कुणाचा पाय बांधलेला दिसला, की रामराम करायच्या आधी बोटांना हात लावतो. लोक हसतात. बोटं गरम लागली, की मीही हसतो.