झेलिपाच्या डोक्यावरची फांदी

लुआंग्वा नदीकाठच्या आमच्या गावातली, पाहुण्यांना जंगलात पाखरं दाखवणारी पहिली बाई कोण? माझी धाकटी बहीण झेलिपा. आणि तिच्यापुढं बंदूक घेऊन कोण चालतं? मी, मसाउसो. हत्तीसुद्धा मला वाट देतो, कुणालाही विचारा.

झेलिपा पिंगळ्याची शीळ घालते. पिंगळा म्हणजे बारक्या पाखरांचा वैरी. त्याला हाकलायला सगळी गोळा होतात, अन् पाहुण्यांना आयती दिसतात. पण आमच्यात पिंगळा ओरडला की मयत निघतं म्हणतात.

"मरणाला हाका कशाला मारतेस गं?"

"हत्ती घाबरतात ना तुला, दादा? मग मूठभर पाखराला काय भितोस!"

त्या सकाळी पाहुण्यांना मागं थांबवून ती मोपानीच्या झाडाला टेकली अन् शीळ घातली. बुलबुल आले, कोतवाल आले, सूर्यपक्षी आले. पण तिच्याकडं कुणी बघेना. सगळे तिच्या डोक्यावरच्या फांदीकडं चोची करून नुसता कलकलाट. मी वर बघितलं.

मांबा. जहरी साप, तिच्या कानापासून हातभर.

"झेलिपा, हलू नको. वर मांबा आहे."

ती खोडाला तशीच चिकटून राहिली. बंदूक काय कामाची? गोळी आधी तिलाच लागायची. पाखरं त्याला छळतायत तोवर त्याचं ध्यान तिकडं, हे तिनं ओळखलं. ती शीळ घालत राहिली. मग तोंड सुकलं, नुसती हवा यायला लागली. पाखरं पांगू लागली. सापाचं डोकं खाली उतरलं.

जन्मात जी शीळ तोंडातून काढली नव्हती, ती काढायला मी ओठ आवळले. जीभ टाळ्याला चिकटलेली. काही आलंच नाही. पुन्हा फुंकलं, कशीबशी निघाली. कोतवाल परत फिरला, त्यानं सापाच्या पाठीत चोच मारली. मागोमाग बाकीचे तुटून पडले. साप वर सरकला, सरकत सरकत ढोलीत गेला.

झेलिपा गुडघ्यांवर रांगत माझ्यापाशी आली.

"दादा, तुझ्या पिंगळ्याला दमा आहे."

"पण पाखरं आली ना?"

ती हसली नाही. मुक्कामाच्या तळापर्यंत माझा पट्टा मागून घट्ट धरून चालली. सोड म्हणालो नाही. मी पुढं होतो ते बरं, माझं तोंड कुणाला दिसलं नाही.